चार नावांचं पॅनेल: पुणे करारातली प्राथमिक निवडणूक आणि मतांची फाटाफूट

श्रोतेहो, शेवगावात निवडणुकीवर बोलायचं म्हणजे विठ्ठल मंदिरात अभंग म्हणून दाखवण्यासारखं आहे. ऐकणाऱ्याला आमच्यापेक्षा जास्त पाठ असतं. कारखान्याचं पॅनेल, सोसायटीचं पॅनेल, मार्केट कमिटीचं पॅनेल, हे तुम्ही जन्मापासून बघत आलात. तेव्हा आम्ही आकडेमोड शिकवायला आलेलो नाही. आम्ही आलो आहोत ते एका जुन्या पॅनेलची गोष्ट सांगायला. ते पॅनेल चार नावांचं होतं, आणि ते कारखान्याचं नव्हतं.

पण सुरुवात घरापासूनच करू. 2024 च्या विधानसभेला तुमच्या या शेवगाव मतदारसंघात काय झालं, ते तुम्हाला आठवतं. भाजपच्या मोनिका राजळे यांना सुमारे 99 हजार 700 मतं. राष्ट्रवादीच्या शरद पवार पक्षाचे प्रताप ढाकणे यांना सुमारे 80 हजार 700. आणि अपक्ष उभे राहिलेले माजी आमदार चंद्रशेखर घुले यांना सुमारे 58 हजार. पहिल्या-दुसऱ्यातला फरक 19 हजारांचा आणि तिसऱ्याची मतं त्याच्या तिप्पट! आता चहाच्या टपरीवर विचारा, घुल्यांनी कोणाची मतं खाल्ली? पहिला म्हणेल ढाकण्यांची, दुसरा म्हणेल राजळ्यांचीच, नाहीतर फरक अजून वाढला असता. दोघंही छातीठोकपणे सांगतील. दोघांनाही सिद्ध करता येणार नाही.

त्याआधीचं बघा. 2009 ची लोकसभा. नगर दक्षिणेत राष्ट्रवादीचे अधिकृत उमेदवार शिवाजीराव कर्डिले, आणि पाथर्डीचे आमदार राजीव राजळे अपक्ष म्हणून रिंगणात. भाजपचे दिलीप गांधी सुमारे 3 लाख 12 हजार मतं घेऊन निवडून आले. कर्डिल्यांना 2 लाख 65 हजारांच्या आसपास, राजळ्यांना दीड लाखाच्या थोडी वर. गांधी जिंकले पण त्यांच्या विरोधात पडलेल्या या दोघांच्या मतांची बेरीज चार लाखांच्या पुढे. 'बंडखोरीमुळे जागा गेली,' हे वाक्य तेव्हा गल्लोगल्ली ऐकलं. आम्हीही म्हटलं असेल.

या वाक्यात एक गृहीतक लपलेलं आहे. ते असं की राजळ्यांची दीड लाख मतं मुळात पक्षाच्या मालकीची होती आणि ती कोणीतरी पळवून नेली. मत ही पक्षाच्या गोठ्यातली गाय आहे काय, की दावं सोडलं आणि शेजारच्याच्या गोठ्यात गेली? ज्या माणसाने राजळ्यांना मत दिलं, त्याला कर्डिलेही चालले असते, हे कोणी विचारलं होतं? आमचा पेशा तत्त्वज्ञान शिकवण्याचा, त्यामुळे ही खोड जात नाही. 'मत फुटलं' म्हणण्याआधी ते कधीतरी एक होतं हे दाखवावं लागतं.

आणि दाखवायला जागाच नाही, हीच तर खरी अडचण आहे. आपल्याकडे मतदाराला दोन प्रश्न एकदम विचारले जातात: तुला कोणता पक्ष हवा, आणि त्या पक्षातला कोणता माणूस हवा. बटण मात्र एकच. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मतदार देतो. दुसऱ्याचं उत्तर मुंबईत किंवा दिल्लीत कोणीतरी आधीच देऊन ठेवलेलं असतं आणि ते एबी फॉर्मच्या रूपाने शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत धापा टाकत तहसील कचेरीत पोचतं. ज्याला फॉर्म मिळाला नाही, तो अपक्ष अर्ज ठेवतो. मग माघारीच्या दिवसापर्यंत मनधरणी. कोणी महामंडळावर मानतो, कोणी परिषदेच्या आश्वासनावर मानतो, कोणी मानत नाही. न मानणाऱ्याला आपण बंडखोर म्हणतो. निवडून आला की त्यालाच सन्मानाने परत घेतो.

1995 साली हे महाराष्ट्रभर एकाच वेळी घडलं. त्या विधानसभेत 45 अपक्ष निवडून आले. पंचेचाळीस! काँग्रेसचे 80, शिवसेनेचे 73, भाजपचे 65. त्या अपक्षांतले बहुतेक काँग्रेसचेच नाराज होते, आणि त्यांच्यातल्या अनेकांच्या पाठिंब्यावर मनोहर जोशींचं युतीचं सरकार उभं राहिलं. काँग्रेसच्या घरातलं भांडण काँग्रेसने घरात मिटवलं नाही, म्हणून ते भर चौकात मिटलं.

अमेरिकेत हे घरातलं भांडण मिटवायची वेगळी रीत आहे. तिला 'प्रायमरी' म्हणतात, आपण प्राथमिक निवडणूक म्हणू. विस्कॉन्सिन राज्याने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कायदा करून उमेदवार ठरवण्याचा हक्क पक्षाच्या पुढाऱ्यांकडून काढून सामान्य मतदाराकडे दिला. त्यातही दोन जाती. बंद प्राथमिक, म्हणजे ज्याने स्वतःची त्या पक्षाचा म्हणून नोंद केली आहे त्यानेच मत द्यायचं. आणि खुली प्राथमिक, म्हणजे कोणीही यावं, कोणत्याही पक्षाच्या उमेदवार-निवडीत मत द्यावं. खुली म्हटलं की ऐकायला बरं वाटतं. पण दार उघडं ठेवलं की पाहुण्याबरोबर चोरही येतो. विरोधी पक्षाचे लोक मुद्दाम येऊन तुमच्यातला कच्चा पहिलवान निवडून देऊ शकतात, म्हणजे पुढच्या कुस्तीत त्यांच्या माणसाला सोपं जावं. 2008 मध्ये तिथल्या एका रिपब्लिकन रेडिओ वक्त्याने, रश लिंबॉ त्याचं नाव, आपल्या श्रोत्यांना उघड सांगितलं होतं की डेमोक्रॅटांच्या प्राथमिक निवडणुकीत जा आणि हिलरी क्लिंटनना मत द्या, म्हणजे त्यांचं आपसातलं भांडण लांबेल.

कॅलिफोर्नियाने त्याच्याही पुढची पायरी गाठली. 2010 मध्ये लोकमताने ठरवलं की सर्व पक्षांचे सर्व उमेदवार एकाच यादीत, सर्व मतदारांनी मत द्यायचं आणि पहिले दोन अंतिम फेरीत जाणार, मग ते एकाच पक्षाचे का असेनात. 2012 मध्ये तो नियम पहिल्यांदा लागू झाला आणि पहिल्याच वर्षी काँग्रेसच्या एकतिसाव्या मतदारसंघात गंमत झाली. मतदारसंघ डेमोक्रॅट कलाचा. त्याच वर्षी ओबामांना तिथे बहुमत मिळालं. पण प्राथमिक फेरीत डेमोक्रॅट चार आणि रिपब्लिकन दोन. चौघांत मतं वाटली गेली, दोघांत कमी वाटली गेली. पहिले दोन्ही क्रमांक रिपब्लिकनांना! नोव्हेंबरात डेमोक्रॅट मतदाराला दोन रिपब्लिकनांतून एक निवडायचा होता. तिथला तिसरा आलेला उमेदवार, पीट अगिलार, दोन वर्षांनी त्याच जागेवरून निवडून आला. मतदार तेच होते हो, मतपत्रिकेवरची नावं बदलली.

आता तुम्ही म्हणाल, सर, हे अमेरिकेचं कशाला सांगता? कारण वर्गात आम्ही वर्षानुवर्षं असंच सांगत होतो, की प्राथमिक निवडणूक ही अमेरिकेची चीज आहे, भारतात ती कधी झाली नाही. आणि हे चूक होतं. ती चूक आम्हाला एका विद्यार्थ्याने दाखवली. वसतिगृहात राहणारा, मागच्या बाकावर बसणारा मुलगा. पुणे करार शिकवताना आम्ही नेहमीप्रमाणे म्हणालो, की स्वतंत्र मतदारसंघ गेले, राखीव जागा आल्या, संयुक्त मतदारसंघ आले, पुढे चला. तो तास संपल्यावर टेबलाशी आला आणि म्हणाला, "सर, दुसरं कलम राहिलं." आम्ही दुसरं कलम कधी नीट वाचलंच नव्हतं. रूसोच्या 'सर्वेच्छे'वर प्रबंध लिहिलेला माणूस, आणि आपल्या जिल्ह्यापासून चार तासांवर येरवड्यात झालेला करार मुळातून वाचलेला नाही! त्या दिवशी ग्रंथालयात जाऊन वाचला. आजचं व्याख्यान म्हणजे त्या मुलाचं उशिरा फेडलेलं देणं आहे.

करार 24 सप्टेंबर 1932 चा. पार्श्वभूमी थोडक्यात. ऑगस्टमध्ये ब्रिटिश पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनाल्ड यांनी जातीय निवाडा दिला. त्यात अस्पृश्य वर्गांना, त्यांच्या कागदपत्रांत 'डिप्रेस्ड क्लासेस' म्हणत, स्वतंत्र मतदारसंघ मिळाले आणि शिवाय सर्वसाधारण मतदारसंघातही मत राहिलं. म्हणजे दोन मतं. गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात 20 सप्टेंबरला उपोषण सुरू केलं. चार दिवस पुण्यात आणि तुरुंगाच्या आवारात वाटाघाटी चालल्या. एका बाजूला बाबासाहेबांच्या समाजाच्या हक्काचा प्रश्न, दुसऱ्या बाजूला देशातल्या सर्वात मोठ्या पुढाऱ्याचा जीव. आणि जीव गेला असता तर खेड्यापाड्यांतल्या महारवाड्यांवर काय ओढवलं असतं, याचा विचार बाबासाहेबांना करावा लागत होता. असल्या दडपणाखाली माणूस कलमं कशी वाचत असेल!

त्या कोंडीत तेजबहादूर सप्रू या कायदेपंडिताने एक वाट सुचवली: दोन टप्प्यांची निवडणूक. तीच दुसऱ्या कलमात आली. सोप्या भाषेत सांगतो. ज्या मतदारसंघात राखीव जागा आहे, तिथल्या यादीतले फक्त अस्पृश्य वर्गाचे मतदार आधी एकत्र येतील. प्रत्येकाला एकच मत. जास्तीत जास्त मतं मिळालेले चार जण, हे झालं पॅनेल. मग ते चार जण संयुक्त मतदारसंघापुढे उभे राहतील, आणि सवर्णांसह सगळे मतदार मिळून चारातला एक निवडतील. करारात या पहिल्या टप्प्याला 'प्राथमिक निवडणूक' हाच शब्द आहे. जागा निवाड्यातल्या 71 वरून 148 झाल्या, मुंबई इलाख्याला सिंध धरून 15. प्राथमिक निवडणुकीची मुदत दहा वर्षं.

बघा, ही बंद प्राथमिक होती. पहिलं दार फक्त एका समाजासाठी, दुसरं दार सर्वांसाठी. कल्पना अशी की अस्पृश्यांचा विश्वास नसलेला माणूस पहिल्या दारातूनच आत येणार नाही, आणि दुसऱ्या दारात सवर्णांकडेही मत मागावं लागल्याने दोन समाज तुटणार नाहीत. कागदावर तोड उत्तम होती. आम्ही आजही म्हणतो की सप्रूंचा हेतू वाईट नव्हता.

पण चार या आकड्यात काय दडलंय, ते फळ्यावर मांडून बघू. समजा, एका मतदारसंघात अस्पृश्य वर्गाचे 1,000 मतदार आहेत, बाकीचे 9,000. त्या 1,000 पैकी 700 जणांचा एका पक्षावर विश्वास आहे, त्याला आपण 'क' म्हणू. उरलेले 300 'ख' पक्षाकडे. आता 'क' ने आपला एकच आवडता उमेदवार उभा केला, सगळ्यांनी त्याला मत दिलं, 700 मतं, दणदणीत पहिला नंबर. पण पॅनेलमध्ये अजून तीन जागा आहेत. 'ख' ने तीन उमेदवार उभे केले, प्रत्येकी 100 मतं. झालं! दोन, तीन, चार नंबर 'ख' चे. सातशे मतांचा एक आणि शंभर मतांचे तीन, आणि अंतिम फेरीत चौघं सारखेच. पहिल्या फेरीतली मतं पुढे मोजायची नाहीत.

बरं, 'क' शहाणा झाला. त्याने चार उमेदवार दिले आणि आपली 700 मतं बरोबर 175 च्या चार वाट्यांत वाटली. आधी ही वाटणी खेड्यापाड्यांत, निरक्षर मतदारांत, कोणत्या वस्तीने कोणाला द्यायचं हे सांगून करायची म्हणजे केवढं संघटन लागेल, याचा विचार करा. ते सगळं जमलं तरी 'ख' आपली 300 मतं एकाच माणसाला देणार, आणि तो थेट पहिल्या नंबरने पॅनेलमध्ये येणार. त्याला बाहेर ठेवायचंच असेल तर 'क' कडे किती मतं हवीत? हिशोब करा. ज्याच्याकडे 1,000 पैकी 201 मतं आहेत, त्याला कोणतीही युक्ती रोखू शकत नाही, कारण उरलेल्या 799 मध्ये प्रत्येकी 201 चे चार ढीग होत नाहीत. म्हणजे आपल्या समाजातल्या दर पाच मतदारांपैकी चौघांनी ज्याला नाकारलं, तोही पॅनेलमध्ये असू शकतो. आणि एकदा आत आला की पुढे 9,000 मतदार आहेत. ते कोणाला निवडतील? जो त्यांना सोयीचा, त्याला. समाजाचा पहिला कोण, हा प्रश्नच तिथे संपलेला असतो.

इथे मतविभागणीचं नेहमीचं शहाणपण उलटं होतं. नेहमी आपण म्हणतो, उमेदवार कमी ठेवा, मतं फुटू देऊ नका. पण चार नावांच्या पॅनेलसाठी एक मत असलं की मोठ्या पक्षाला मतं *फोडावी* लागतात, शिस्तीने, मोजून. लहान पक्षाला मात्र एकवटून चालतं. मोठ्या पक्षाचा लाडका उमेदवार जितका लोकप्रिय, तितकी त्याची जास्तीची मतं वाया. बाबासाहेबांसारखा नेता पुढे असताना लोकांना सांगायचं की तुम्ही सगळे त्यांना मत देऊ नका? कोण ऐकेल?

आणखी एक खोच होती. उमेदवार चार किंवा त्याहून कमी असतील तर प्राथमिक निवडणुकीची गरजच नव्हती. सगळे आपोआप पॅनेल. म्हणून प्रत्यक्षात ही पहिली फेरी फार थोड्या ठिकाणी झाली. दोनदा निवडणूक लढायची म्हणजे दोनदा खर्च, आणि ज्यांच्यासाठी ही सोय होती त्यांच्याकडेच पैसा नव्हता. खर्च टाळायचा म्हणून उमेदवार कमी ठेवावे, तर समाजाची पसंती नोंदवण्याची एकमेव जागाही जाते. अडकित्त्यातली सुपारी.

तरीसुद्धा 1937 मध्ये बाबासाहेबांनी काय करून दाखवलं! 1936 च्या ऑगस्टमध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. मुंबई इलाख्यात 17 उमेदवार उभे केले, 14 निवडून आले, त्यांत तीन सर्वसाधारण जागांवरचे. आपल्या जिल्ह्यातल्या दक्षिण भागातून प्रभाकर जनार्दन रोहम त्याच पक्षातर्फे विधानसभेत गेले. नाशिकहून दादासाहेब गायकवाड गेले. हे नाव तुम्हाला माहीत आहे, रोहमांचं नाव मात्र नगरमध्येही आता विचारून बघावं लागतं. खुद्द बाबासाहेब भायखळा-परळच्या जागेवर उभे होते. समोर काँग्रेसने कोण दिलं? पी. बाळू. बाळू पालवणकर, हिंदू जिमखान्याचे नामांकित गोलंदाज, चांभार समाजाचे. ज्या खेळाडूचा सगळ्या अस्पृश्य समाजाला अभिमान, आणि ज्याच्या सत्काराला तरुणपणी स्वतः बाबासाहेबांनी हजेरी लावलेली, तोच समोर. लढत चुरशीची झाली: 13,245 विरुद्ध 11,225. पक्षाची उमेदवार निवडण्याची चलाखी म्हणजे काय, ते इथे बघावं. प्रतिस्पर्ध्याच्या मतपेढीतला, पण दुसऱ्या जातीचा, निर्विवाद कीर्तीचा माणूस. आम्हाला बाळूंबद्दल वाईट वाटतं. चेंडू टाकायला बोलावलं की जायचं, एवढंच त्यांच्या पिढीला शिकवलं होतं.

1937 ला एक गोष्ट पक्षाच्या मदतीला आली. मुंबई इलाख्यात अनेक जागांचे मतदारसंघ होते आणि मतदाराला जितक्या जागा तितकी मतं. ती सगळी एकाच उमेदवाराला देण्याची मुभा होती. त्यामुळे अल्पसंख्य पण एकजूट मतदारांना आपला माणूस ओढून नेता येई. म्हणजे करारातल्या दुसऱ्या दाराची कडी थोडी सैल होती. स्वतंत्र मजूर पक्षाच्या यशात बाबासाहेबांचं नेतृत्व होतंच, पण ही कडीही होती. इतिहास लिहिणारे नेतृत्वाबद्दल लिहितात, कडीबद्दल लिहायला विसरतात.

1945-46 ची निवडणूक आली तेव्हा हवा बदलली होती. 1942 मध्ये नागपुरात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन झालं होतं. युद्ध संपलं, काँग्रेसचे पुढारी तुरुंगातून, त्यातले कितीतरी आपल्या नगरच्या भुईकोट किल्ल्यातून, वीर होऊन बाहेर आले होते. फेडरेशनने जिथे प्राथमिक फेरी झाली तिथे अनेक ठिकाणी चांगली मतं घेतली. अंतिम फेरीत मात्र सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानात प्रांतिक विधानसभांच्या दोनच राखीव जागा त्यांच्या हाती लागल्या. कॅबिनेट मिशनने अंतिम आकडे पाहिले आणि ठरवलं की अस्पृश्यांचे प्रतिनिधी काँग्रेसच आहे. बाबासाहेब सांगत राहिले की आमचा कौल पाहायचा असेल तर पहिली फेरी पाहा. दुसऱ्या फेरीत आमचा कौल नाही, आमच्या शेजाऱ्यांचा कौल आहे. 1946 च्या जुलैमध्ये फेडरेशनने पुण्यात सत्याग्रह केला तो याच रागातून.

कोण बरोबर होतं? आमचं मत सांगतो. तुम्हाला पटेलच असं नाही. प्राथमिक फेरी थोड्याच ठिकाणी झाली, तेव्हा तिच्यावरून सगळ्या देशातल्या अस्पृश्य समाजाचा कौल काढणं धाडसाचं होतं, हे मान्य केलं पाहिजे. पण अंतिम फेरीवरून तो काढणं तर निव्वळ चूक. कारण तो प्रश्न अंतिम फेरीत विचारलाच नव्हता. दोन वेगवेगळ्या मतदारांना दोन वेगवेगळे प्रश्न विचारून, उत्तर मात्र दुसऱ्याचं धरायचं आणि त्यावर पहिल्याचं नाव लिहायचं! हे मिशनच्या साहेबांना कळलं नसेल असं आम्हाला वाटत नाही. सोयीचं होतं, म्हणून धरलं.

राज्यघटना आली, प्राथमिक निवडणूक गेली, राखीव जागा राहिल्या. 1952 मध्ये बाबासाहेब उत्तर मुंबईतून लोकसभेला उभे राहिले. दोन जागांचा मतदारसंघ, मतदाराला दोन मतं, पण आता दोन्ही एकाला देता येत नव्हती. काँग्रेसचे नारायणराव काजरोळकर सुमारे साडेचौदा हजार मतांनी जिंकले. त्या मतदारसंघात 74 हजारांवर मतं बाद झाली होती. कम्युनिस्टांनी, विशेषतः डांग्यांनी, एक मत कुजवा असा प्रचार केल्याचा आरोप झाला, बाबासाहेब आणि अशोक मेहता निवडणूक न्यायाधिकरणापुढे गेले, अर्ज फेटाळला गेला. 'मत कुजवणे' हा शब्द मराठीला त्या निवडणुकीने दिला की आधीपासून होता, यावर भाषावाल्यांनी भांडावं. क्रिया मात्र जुनी आहे.

कुजवण्याच्या नव्या तऱ्हाही आपण काढल्याच. 2014 ला रायगडमध्ये सुनील तटकरे अनंत गीतेंकडून 2,110 मतांनी हरले, आणि त्याच मतपत्रिकेवर सुनील तटकरे नावाच्याच दुसऱ्या अपक्ष उमेदवाराला नऊ हजारांवर मतं होती. 2024 ला साताऱ्यात शशिकांत शिंदे सुमारे 33 हजारांनी हरले आणि तुतारीवाल्या माणसाशी साम्य असलेल्या पिपाणी चिन्हाला 37 हजार मतं पडली. यात आमच्या मघाच्या तात्त्विक शंकेला जागा कमी आहे. बंडखोराला मत देणारा विचार करून देतो, नामसाधर्म्याच्या उमेदवाराला मत देणारा बहुधा चुकून देतो. दोन्हींना आपण 'मतं खाल्ली' हाच शब्द वापरतो, हे बरं नाही.

आणि प्राथमिक निवडणूक? ती महाराष्ट्रात एकदा परत आली होती, कोणाच्या लक्षात नाही. 2014 च्या लोकसभेआधी राहुल गांधींनी देशातल्या पंधरा-सोळा मतदारसंघांत उमेदवार निवडायला पक्षांतर्गत प्राथमिक निवडणूक घेतली. महाराष्ट्रात वर्धा आणि लातूर. मत कोणाला? पक्षाच्या तालुका-जिल्हा पदाधिकाऱ्यांना आणि निवडून आलेल्या प्रतिनिधींना. सामान्य मतदार बाहेरच. म्हणजे बंद नव्हे, कुलूपबंद. वर्ध्यात दत्ता मेघे यांचे चिरंजीव सागर मेघे जिंकले. ज्याच्या घराण्याच्या संस्था, ज्याचे कार्यकर्ते पदांवर, तोच जिंकणार, यात नवल कसलं. लोकसभेला ते दोन लाखांहून जास्त मतांनी पडले, आणि काही महिन्यांत मेघे मंडळी भाजपमध्ये गेली. बडोद्यात तर नरेंद्र रावत नावाचे कार्यकर्ते प्राथमिक जिंकले, पण तिथे नरेंद्र मोदी उभे राहणार म्हटल्यावर त्यांना बाजूला करून मधुसूदन मिस्त्रींना तिकीट दिलं. प्राथमिक निवडणूक जिंकून तिकीट न मिळालेला माणूस! अमेरिकनांना हे समजावून सांगायला गेलो तर एक तास लागेल.

म्हणून आमचे काही मित्र म्हणतात की आपल्याकडे खुली प्राथमिक आणा. आम्ही विचारतो, मतदारयादी कोणाची? आपल्याकडे कोणी स्वतःला पक्षाचा म्हणून सरकारदरबारी नोंदवत नाही, आणि नोंदवलं तर दुसऱ्या दिवशी गावात कोणाच्या विहिरीवर मोटार चालेल, कोणाच्या उसाला तोड येईल, याचा विचार करावा लागेल. गुप्त मतदान एका दिवसाचं असतं, नोंद कायमची. तेव्हा नोंद नको, म्हणजे खुलीच हवी. आणि खुली म्हटली की समोरच्या पॅनेलवाले सकाळी सातला रांगेत उभे. शेवगावकरांना हे शिकवावं लागणार नाही.

खरं तर शेवगावकरांनी त्यांची खुली प्राथमिक केव्हाच काढली आहे. आधी शेवगाव वेगळा मतदारसंघ होता, पाथर्डी वेगळा. 2008 च्या पुनर्रचनेत दोन्हींचा एक झाला. दोन पाटांवर बसणाऱ्या घरांसाठी एकच पाट उरला. पक्षाने एकाला बसवलं की दुसरा उभाच राहणार, आणि कोणाला बसवायला हवं होतं हे लोक भर निवडणुकीत मतांनी सांगणार. 2009 ला राजळ्यांची दीड लाख मतं आणि 2024 ला घुल्यांची 58 हजार, ही आम्हाला चोरीला गेलेली मतं वाटत नाहीत. ती पहिल्या फेरीची मतं आहेत. पहिली फेरीच नसल्यामुळे ती दुसरीत टाकावी लागली, आणि दुसरीत टाकली की त्यांचा अर्थ बदलतो. तिसऱ्याला मत देणाऱ्याला जे सांगायचं असतं ते ऐकू येतच नाही, फक्त कोण पडला ते ऐकू येतं.

आम्हीही एकदा असं मत दिलेलं आहे. कोणत्या निवडणुकीत, ते सांगणार नाही. घरी आल्यावर सौभाग्यवतींनी विचारलं, "फुकट घालवलंत ना?" आम्ही उत्तर शोधत होतो, तेवढ्यात दूधवाला आला आणि विषय राहिला.

त्या मागच्या बाकावरच्या विद्यार्थ्याला नंतर आम्ही एक प्रश्न विचारला होता. म्हटलं, करार तू लिहितोस असं समज. चार ऐवजी किती लिहिशील? तो म्हणाला, दोन. आम्ही म्हटलं, दोन ठेवले तरी एक तृतीयांशाहून एक मत जास्त असलेल्याला तू रोखू शकत नाहीस, आणि 9,000 लोक त्यालाच निवडतील. त्याने वहीत हिशोब केला. बराच वेळ केला. मग म्हणाला, "सर, मग आकडा बदलून नाही भागत. पहिल्या फेरीत कोणाला किती मतं पडली, ती दुसऱ्या फेरीत मोजायला हवीत." आम्ही विचारलं, किती वजन द्यायचं त्यांना? घंटा झाली होती, पण तो गेला नाही. त्यावर आम्ही दोघं त्या दिवशी सहा वाजेपर्यंत बसलो होतो. शिपायाने दिवे घालवले तेव्हा फळ्यावर तीन सूत्रं होती. प्रत्येकात कुठेतरी भोक होतं.

आता तुमचे प्रश्न घेऊ.